उंच दाराची पागा

संतांच्या चरणस्पर्शाने पृथ्वी पावन होते, हे त्रिवार सत्य आहे! मात्र खैरमाळच्या रानबा महाराजांचे गुडघे संधिवाताने धरल्यामुळे तिथली पृथ्वी पावन करण्याचे काम बहुतांशी मैना नावाची घोडी करीत असे.

ही मैना गाभण राहिली. तिच्यासाठी पागा बांधण्याची सेवा महाराजांनी सगुणा गवतवालीला दिली. सगुणेला आभाळ ठेंगणे झाले! मठाशेजारी तिने पांगाऱ्याच्या वाळक्या मेढी रोवल्या, वर गवत शाकारले. ओल राहू नये म्हणून जमिनीला उतार दिला. महाराज दिसले नाहीत की मैना दाण्याला तोंड लावत नसे, म्हणून खिडकी महाराजांच्या ओट्यासमोर ठेवली. आणि महाराजांना घोडीवर बसल्याबसल्या आत जाता यावे, म्हणून दार केले चांगले हत्तीला पुरेल एवढे.

इनामदार हैबतराव ते पाहून पोट धरून हसले.

"सगुणे, ही पागा आहे की बुजगावण्याचं सासर? रूप कुठाय हिला?"

"रूप मैनाला आहे की, सरकार."

"पागा कशी असते, ते आमच्याकडे येऊन बघ!"

त्यांची नवी पागा खरोखरच बघण्यासारखी होती. शिसवी खांब, गव्हाणीवर वेलबुट्टी, छताला हंड्या-झुंबरे. चौकट कोरीव आणि मुद्दाम बुटकी. कारण इनामदारांच्या दारातून शिरणाऱ्याने मान लववलीच पाहिजे, असा घराण्याचा दंडक होता. घोड्यांना तो कोणी कळवला नव्हता.

दसऱ्याला हैबतराव मठात आले. "महाराज, संतांची घोडी खोपटात व्याली, तर गावाची अब्रू जाईल. मैना आजपासून आमच्या पागेत."

सगुणेच्या हाती आलेली सेवा डोळ्यांदेखत चालली होती.

महाराज हसून म्हणाले, "मैनाला विचारा बुवा. आम्ही नुसते वर बसणारे."

मैनाला झेंडूच्या माळा घालून वाजतगाजत नेले. चौकटीपाशी ती थबकली.

"ओढा!" हैबतराव गरजले.

मैनाने मान उंचावली, कपाळ चौकटीवर आदळले आणि ती उंबऱ्यातच कोसळली. वेणा सुरू झाल्या. शिंगरू अडले. हैबतरावांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. "ऐन दसऱ्याला, माझ्या उंबऱ्यावर, संतांची घोडी!"

सगुणा गर्दीतून घुसली आणि मैनाचे डोके मांडीवर घेऊन ओरडली, "महाराज, माझी पागा जन्मभर रिकामी राहू दे, पण हिला वाचवा!"

काठी टेकत महाराज आले. त्यांनी मैनाच्या कपाळावर हात ठेवला. "ऊठ माय, माहेरी चल."

आणि काय सांगावे! मरणाच्या दारातली घोडी उठली. मान ताठ ठेवून चालत गेली ती थेट सगुणेच्या उंच दारातून आत. गवतावर टेकते न टेकते, तोच मोकळी झाली.

पण शिंगरू हलेना.

"सगुणे, त्याच्या कानात देवाचं नाव घे," महाराज म्हणाले.

"विठ्ठल... विठ्ठल..." रडत रडत तिने नाव घेतले. शिंगराने एक सणसणीत शिंक दिली, पाय झाडले आणि लटपटत उभे राहिले! त्याच क्षणी त्या वाळक्या मेढी लालभडक फुलांनी बहरून गेल्या. शहाणे म्हणतील, पांगारा रोवला की फुटतोच. फुटतो ना! पण असा वाळून कोळ झालेला, दसऱ्याला, शिंकेसरशी?

मागोमाग हैबतराव आले. एवढ्या उंच दारातूनही त्यांची मान खाली होती. सगुणेला हात जोडून ते म्हणाले, "बाई, रूप कुठाय म्हणून विचारलं होतं. दिसलं." मग पगडी काढून त्यांनी महाराजांपुढे लोटांगण घातले.

"महाराज, चुकलो! पागा, वाडा, हा जन्म, सगळं आपल्या चरणी. आज्ञा करा!"

महाराजांनी त्यांच्या मस्तकावर प्रेमाने हात ठेवला.

"जन्म राहू द्या, हैबतराव. वाकलाच आहात, तर तेवढी लीद भरा. टोपली तिकडं कोपऱ्यात आहे."