मधल्या फळीवरचा चहा

"कुणाचाच माझ्यावर विश्वास नाही, बुवा. मी बरोबर ओळखलं होतं."

तुळजा पदर खोचून उभी. चिंधेबुवा ओसरीवर सुपारी कातरत बसलेले. वाढपाची पळी त्यांच्या मांडीशी पडलेली. मघाशी पंगतीतच त्यांनी ती तिच्या हातून काढून घेतली होती.

मठाची रीतच तशी. आल्या पाहुण्याला काय घेणार म्हणून विचारायचं नाही. माणूस बघायचा, ओळखायचं आणि पुढ्यात ठेवायचं. पंचक्रोशीत हे आपल्याइतकं कुणाला जमत नाही, अशी तुळजाची घमेंड. आणि आज सगळी पंगत तिला हसली. पळी गेली तर मठात राहायचं कोणत्या तोंडानं?

"काय ओळखलंस?"

"तो म्हातारा पाहुणा उन्हातनं पायी आलेला, म्हणजे ताक. पण खोकून खोकून बेजार, म्हणजे दूध. मन आठ आणे ताकाकडं, आठ आणे दुधाकडं."

"आणि चहाला किती आणे?"

"... एकही नाही."

"मग दिलंस काय?"

"चहा."

बुवांचा अडकित्ता थांबला.

"हसू नका. खालच्या फळीवर ताक, मधल्या फळीवर चहाची किटली, वरच्या फळीवर दूध, असं मी ठेवते. उन्हातनं आला त्याला खालचं, खोकत आला त्याला वरचं. जीव दोन्हीकडं ओढला, मधलं दिलं. त्या मेल्यानं चहा सोडलाय, हे काय कपाळावर लिहिलं होतं?"

"कालवण वाढताना काय करतेस?"

"तिथं कधी चुकले मी? अळणी तोंडाचा की झणझणीत खाणारा, कळेना झालं की बेताचं तिखट वाढते. माणूस बोटं चाटत उठतो. तिथं चालतं ते इथं का चालू नये?"

बुवा उठून फळ्यांपाशी गेले. पेल्यात अर्धं ताक ओतलं, वर अर्धं दूध. पेला तिच्यापुढं धरला.

"बघ, चहा झालाय का."

तुळजानं पेल्यात पाहिलं. मग फळ्यांकडं. ओठ दाबून धरले, तरी हसू फुटलंच.

"चूक त्या सुताराची, बुवा. त्यानं एकावर एक फळ्या ठोकल्या, म्हणून..."

बुवांनी पळी उचलून तिच्या हातात दिली.

"अळणी, बेताचं, झणझणीत ही ओळ मिरचीनं लावली, म्हणून तिथं मधलं खरं. ताक, चहा, दूध ही ओळ ताकानं लावली नाही, दुधानं लावली नाही. सुतारानंही नाही."

"मग कुणी लावली?"

"तुळजानं."