फितीपलीकडची खाट

मारुतीच्या पाया पडून नवरदेव मांडवाकडे निघाला, बँडवाल्यानं नेमका घोडीच्या कानाशी कर्णा फुंकला, आणि उत्तमराव मुंडावळ्यांसकट रस्त्यावर! हात मोडला.

त्याच्या हौसाआत्यांनी कनवटीचं घरचं सरकारी विम्याचं कार्ड काढलं. दोन दवाखाने म्हणाले, "तातडीच्या पेशंटला कार्ड चालत नाही." तिसऱ्यावर नवाकोरा फलक होता: 'तातडीचे उपचार सरकारी कार्डावर'. वऱ्हाड बँडसकट तिथं थडकलं.

दाराला लाल फीत. आत तातडीचे डॉक्टर प्लास्टर घालायला तयार, पण मालक डॉक्टर रणनवरे कोटाला गुलाब लावून दारात आडवे.

"आमदारसाहेब फीत कापतील, मगच कार्ड चालू. त्यांच्या आधी आत कुणी पाऊल टाकायचं नाही!"

"कधी येणार साहेब?"

"मोठी माणसं सवडीनं येतात."

उत्तमराव कळवळले. आत्यांनी पदर खोचला.

"डॉक्टर, पाहुणे येईस्तोवर नवरदेवाला मांडवाबाहेर ठेवलेलं कुठं पाहिलंत? तो आधी बोहल्यावर उभा राहतो, तेव्हा कुठं पाहुणे अक्षता टाकतात. तुमचे साहेब फोटो कुणाबरोबर काढणार, रिकाम्या खाटेबरोबर?"

रणनवरेंनी खाटेकडे पाहिलं, फोटोवाल्याकडे पाहिलं आणि फीत स्वतःच्या हातानं वर धरली. उत्तमराव वाकून आत गेले.

आमदार आले तोवर प्लास्टर वाळलं होतं. फोटोला उभं राहताना त्यांनी विचारलं, "काय आत्या, कार्ड चालतं ना इथं?"

"चालतं म्हणजे काय! डॉक्टरसाहेबांनी शब्दच दिलाय, खुद्द आमदार यायचे असले तरी पेशंटला दारात थांबवणार नाही!"

कॅमेरा रोखलेलाच होता. रणनवरेंना हसून मान डोलवावी लागली.