रिकाम्या ताटाची ओवाळणी

खाडी ओलांडताना मधोमध एक काळा कातळ लागतो. त्याला बहिणीचा खडक म्हणतात. उधाणाला तो पुरता बुडतो. पण अष्टमीला, दुपारी अर्धा चंद्र डोंगरावर दिसला, की पाणी त्याच्या खांद्यापाशी येऊन थांबतं. पाहुण्यांनी विचारलं, की म्हातारा धाकू तांडेल वल्हं उचलून धरतो आणि सांगू लागतो. घाई असेल त्याने दुसरी होडी बघावी.

पूर्वी म्हणे चंद्र दिवसा कधीच दिसत नसे आणि भरती रोज सारखीच चढे. तेव्हा इथे भिवरा नावाची कालवं काढणारी बाई होती. नवरा वादळात गेलेला, माहेरी कोणी नाही, पदरात तान्ही येसू. भाऊ नसलेली बाई भाऊबिजेला चंद्राला ओवाळते, तशी तीही ओवाळायची. इतरांच्या ताटात खण पडायचे, हिचं ताट कोरडं. बाया चिडवायच्या, तुझ्या भावाने काय घातलं गं? लांबचा आहे, येईल तेव्हा आणील, असं ती हसून म्हणायची. पण घरी आल्यावर तिला फार वाईट वाटायचं.

एका वर्षी भाऊबिजेनंतर सहाव्या दिवशी ओहोटी बघून ती खडकावर गेली. येसूला दुपट्यात गुंडाळून तिथेच निजवलं. शेजारच्या कातळावर कालवं मोठी दिसली, म्हणून मधला चर ओलांडून पलीकडे गेली आणि शिंपा फोडता फोडता तिची तंद्री लागली. भान आलं तेव्हा चरातून पाणी धावत होतं. दोनदा तिने उडी घेतली, दोनदा ओढीने तिला मागे फेकलं. दुपट्याला पाणी लागायला चार बोटं उरली.

पाणी कोणाचं ऐकतं, हे खाडीवरच्या माणसांना ठाऊक असतं. भर दुपारी रिकाम्या आभाळाकडे बघून तिने हाक मारली, "दादा, त्या दिशी ताटात काय घातलं नाय तू. आता घाल. माझी पोर खडकावर हाय."

असं सांगतात, की चंद्र तेव्हा डोंगरामागे निजला होता. हाक ऐकून उठला तसाच निघाला, उजेडाचं मुंडासं बांधायलाही थांबला नाही. सूर्याने हटकलं, ही तुझी वेळ नव्हे. तो म्हणाला, बहिणीकडे जायला वेळ बघत नाहीत. डोंगरावर येऊन त्याने पाण्याकडे नुसतं पाहिलं, आणि सगळी खाडी जागच्या जागी निवली. येसू झोपेत अंगठा चोखत होती. पाणी उतरेतो तो तिथून हलला नाही. भिवरेने पोर छातीशी धरून वर पाहिलं. एवढा मानाचा भाऊ बोडक्या डोक्याने धावत आला, म्हणून तिला रडू फुटलं.

आजही तो दिवसा येतो तो तसाच, फिकट, मुंडाशावाचून. आजही कार्तिकातल्या त्या अष्टमीला इथल्या बिनभावाच्या बाया भर दुपारी काठावर उभ्या राहून त्याला ओवाळतात. भावाने काय घातलं, असं कोणी विचारलंच, तर त्या खडकाकडे बोट दाखवतात. पाणी तिथे थांबलेलं असतं.