सांबराची पाती

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा दाट रानाच्या पोटात गावं असत आणि राजाला त्यांतली निम्मी ठाऊकही नसत. लहानांनो, पुढे सरकून बसा. मोठ्यांनी मागे बसलं तरी चालेल, पण ऐका नीट, कारण गोष्ट मोठ्यांची आहे.

डोंगराच्या पायथ्याशी शिकाऱ्यांचं एक गाव होतं. तिथल्या कमठ्याची, म्हणजे धनुष्याची, तऱ्हाच निराळी. मधली मूठ शिसवीची असे. तिच्या वर एक आणि खाली एक अशी बांबूची दोन पाती खाचेत बसवून तातीने, म्हणजे आतड्याच्या दोरीने, आवळत, आणि पात्यांची टोकं पुढच्या अंगाला वळवलेली असत. मूठ जन्मभर पुरे, पुढे मुलालाही पुरे. पाती मात्र थकत, चिरत, मग ज्याची त्याने नवी निवडायची. म्हणून गावात म्हणत, मूठ बापाची, पाती आपापली.

पात्यांना जनावरांची नावं होती. मऊ ती सशाची, त्याहून ताठ भेकराची, मग डुकराची आणि सगळ्यांत ताठ सांबराची. पातं ताठ तितका बाण जोरात आणि लांब जाई. मग सगळ्यांनी सांबराचीच का घेऊ नयेत, असं तुम्हाला वाटेल. मिसरूड फुटलेल्या प्रत्येक पोराला तिथे हेच वाटे. त्याला उत्तर म्हणून गावाची एक रीत होती.

नवी पाती घेणाऱ्याने सुताराच्या अंगणात उभं राहून दोरी गालापर्यंत ओढायची, तशीच धरून ठेवायची आणि आपल्या शिकारीवर जेवणाऱ्या प्रत्येकाचं नाव घ्यायचं. तेही जेवायला हाक मारतात तसं, सावकाश. आधी घरातली लेकरं, मग मोठी माणसं, आणि बाहेरचं कुणी घराला जोडलेलं असेल तर ते शेवटी. तोवर हात स्थिर राहिला तर पाती तुमची. थरथरला तर मुकाट्याने मऊ पाती घ्यायची. नावं पुरी झाली की नाही, हे ताणणाऱ्यानेच सांगायचं, दुसऱ्या कुणी त्यात तोंड घालायचं नाही. आणि ज्याचं नाव घेतलं गेलं नाही, त्याला त्या पात्यांच्या शिकारीतला घास नाही.

अशा गोष्टींत माणसांना नावं नसतात. पण इथे घोडं नावापाशीच पेंड खाणार आहे, म्हणून थोडी नावं सांगावी लागतील.

त्या गावात एक शिकारी होता. त्याला दोन मुली, चैती आणि बुधी. बायको राही, आई सोमी. आणि घराला जोडलेली एक म्हातारी, पवळा. पवळाचा मुलगा या शिकाऱ्याचा जिवाचा सोबती होता. तो तापाने गेला, तेव्हा चितेपाशी उभं राहून शिकाऱ्याने म्हातारीला सांगितलं होतं, "मावशे, आजपासनं तुझं नाव माझ्या घरात." तेव्हापासून ती त्याच्या शिकारीवर जेवत होती. एरवी सुताराच्या अंगणात बसून कमठ्यांच्या दोऱ्या वळून द्यायची. तिला दुसरं कुणी नव्हतं.

शिकाऱ्याच्या कमठ्याला भेकराची पाती होती. त्या पात्यांवर त्याचं घर कधी उपाशी राहिलं नाही. पण पोट भरलं की माणसाला शेजाऱ्याचं ताट दिसायला लागतं. त्याच्या मेहुण्याने, म्हणजे राहीच्या धाकट्या भावाने, सांबराची पाती घेतली. मेहुणा अंगाने रेड्यासारखा, त्याला ती शोभलीही. तो वाटेने चालला की बायका घागरी टेकवून बघत. एकदा तो हसत म्हणाला, "दाजी, अजून भेकरंच मारता व्हय?"

म्हटलं तर थट्टा होती. पण शिकाऱ्याच्या काळजात ती कुसळासारखी रुतली.

पुढे थोड्याच दिवसांत त्याच्या वरच्या पात्याला बारीक चीर गेली. त्याला वाईट वाटायच्या ऐवजी आनंद झाला. तो सुताराकडे गेला आणि चारचौघांत म्हणाला, "सांबराची दाखव."

सुताराने त्याच्या दंडाकडे पाहिलं, पण पाती बसवून दिली. मेहुणा होता, आणखी दोघेचौघे शिकारी होते. आंब्याखाली पवळा दोरी वळत बसली होती.

शिकाऱ्याने दोरी ओढली. गालापर्यंत आणताना त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. "चैती," तो म्हणाला. "बुधी." हात ठीक होता. "राही." खांद्यात कळ आली. "सोमी." आता कमठ्याचं वरचं टोक हलायला लागलं होतं. अजून एक श्वास, आणि सगळ्यांना दिसलं असतं.

त्याने दोरी हळूच परत आणली आणि कमठा खाली केला.

"झाली का रं सगळी?" सुताराने विचारलं.

"झाली."

अंगणात कुणी बोललं नाही. बोलायची रीतच नव्हती. आंब्याखालचे हात दोरी वळता वळता थांबले आणि थोड्या वेळाने पुन्हा चालू झाले. शिकाऱ्याने तिकडे पाहिलं नाही. मनाशी म्हणाला, नाव राहिलं तर राहिलं, वाटा थोडाच चुकवणार आहे मी? सांबर मारलं तर म्हातारीला दुप्पट देईन. वाईट काम करताना माणूस असाच उदार होतो.

मग तो रानात गेला. दोन दिवस हिंडल्यावर ओढ्याकाठी त्याला सांबर दिसलं. मोठा नर होता, कारवीच्या झुडपाआड तोंड करून चरत होता. त्याचा मागचा भाग तेवढा दिसत होता. शिकाऱ्याने दोरी गालाला लावली आणि जनावर वळायची वाट पाहिली. चांगला शिकारी तेवढी वाट पाहतोच. भेकराच्या पात्यांवर त्याने ती हजारदा पाहिली होती.

सांबराने पाय उचलला. मान फिरवली. वळतच होतं ते. पण शिकाऱ्याचा खांदा पेटला, हात थरथरला आणि बोटांनी त्याला न विचारता दोरी सोडून दिली. बाण जोरात गेला, लांब गेला आणि मांडीत घुसला. त्याच क्षणी सांबर पुरतं वळलं, त्याच्याकडे पाहिलं आणि तीन पायांवर पळत सुटलं.

जागच्या जागी उभ्या शिकाऱ्याला कळलं, कमी पडला तो वेळ केवढा होता. एक नाव घ्यायला लागतो तेवढा. पवळा म्हणायला लागतो तेवढा.

तो दिवसभर रक्ताच्या मागावर चालला. संध्याकाळी जाळीत त्याला सांबर सापडलं. ते उठू शकत नव्हतं, पण जिवंत होतं. दिवसभर ते काय भोगत असेल, हे त्याला तोंडाजवळच्या फेसावरून आणि खुरांनी उकरलेल्या मातीवरून दिसलं. सुरी चालवताना त्याने डोळे मिटले. एवढ्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं, आणि त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की त्याने मारलेल्या जनावराची नेहमीसारखी क्षमाही मागितली नाही. मागायला तोंड कुठे होतं?

गावात मात्र जल्लोष झाला. मेहुण्याने त्याला मिठी मारली. "आता कसं दाजी!" म्हणाला. मांडीत बाण कसा, हे कुणी विचारलं नाही. स्तुती होत होती आणि शिकारी मान खाली घालून उभा होता. लोकांना वाटलं, काय हा नम्रपणा.

त्याने सगळ्यांत चांगला वाटा पळसाच्या पानांत बांधला आणि पवळाच्या झोपडीशी गेला.

"मावशे, तुझा वाटा आणलाय."

म्हातारी चुलीपुढे बसली होती. चुलीवर रानभाजी शिजत होती, नुसती मिठाची.

"माझा न्हाई त्यो," ती म्हणाली.

"तुझाच की. चांगला बघून आणलाय."

"म्या तिथंच व्हते बाबा. आंब्याखाली."

शिकाऱ्याने पानांची गाठ उगाच घट्ट केली. मग तो खोटं बोलला. "विसरलो गं मावशे. घाईत राहून गेलं."

म्हातारी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "इसरला असतास, तर सांजच्याला आठवून पळत आला असतास. तुझा हात थरथरला, म्हणून तू मला सोडलंस. म्या बघितलं. ज्याचं नाव न्हाई त्यानं घास खाऊ न्हाई, ही रीत माझ्या पोरानं बी पाळली. जा, लेकरांना घाल."

तो वाटा परत घेऊन घरी आला. घरात मांस शिजत होतं, मुली खुशीत होत्या. त्याने आपलं ताट मुलींपुढे सरकवलं. शेवटी त्याने राहीला सगळं सांगितलं, अंगणातलं आणि जाळीतलंही.

राहीने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "आमच्यातल्या कुणाचं नाव गाळलं असतंत, तर आम्ही भांडलो असतो. ती कुणाच्या जिवावर भांडंल?"

दुसऱ्या दिवशी गावातले शिकारी सुताराच्या अंगणात जमले असताना आपला शिकारी तिथे गेला. घेतलेली पाती परत करणं म्हणजे त्या गावात मिशी उतरवून हातात देण्यासारखं होतं. त्याने मुठीवरची तात सोडली आणि सांबराची पाती सुतारापुढे ठेवली.

"भेकराची दे," तो म्हणाला.

मेहुणा हसला. "का वो दाजी? एका सांबरात दमलात?"

"दमलो," शिकारी म्हणाला. "नावं पुरी झाली न्हवती. पवळामावशीचं नाव म्या गाळलं. हात राहीना म्हणून गाळलं, आणि झाली म्हणून सांगितलं. रानात बी हात राहिला न्हाई. जनावर दिवसभर तडफडलं." बोलताना त्याचे कान लाल झाले होते, पण त्याने सगळं सांगितलं.

मेहुण्याचं हसू मावळलं. सुतार आपल्या पायांकडे बघत म्हणाला, "मला ठावं हुतं रं. आम्हा समद्यांना ठावं हुतं. रीत हाय म्हणून गप बसलो, आन् म्हातारीच्या चुलीवर नुसती भाजी शिजत हुती, ती बी आम्हाला दिसत हुती." मग कुणीच कुणाकडे पाहिलं नाही.

शिकाऱ्याने भेकराची पाती बसवली आणि दोरी गालाला लावली. चैती. बुधी. राही. सोमी. "पवळा," तो म्हणाला, जेवायला हाक मारतात तसं, सावकाश. हात तसूभर हलला नाही. आंब्याखालून म्हातारी बघत होती. तिने मान हलवली आणि पुन्हा दोरी वळायला घेतली.

पुढच्या शिकारीला भेकरू मिळालं, लहानसंच. शिकारी पवळाचा वाटा घेऊन गेला. तिने वाडगं पुढे केलं, पण मध्येच हात आखडला आणि विचारलं, "माझ्या नावाचं हाय न्हवं?"

"हाय मावशे."

मग तिने घेतलं. पुढेही ती पाती असेतो, आणि त्यानंतरची नवी पाती असतानाही, दर वेळी ती आधी हेच विचारी. टोचायला म्हणून विचारत नसे. एकदा गाळल्या गेलेल्या माणसाला विचारून घ्यावंसं वाटतं, तेवढंच. शिकारी दर वेळी "हाय मावशे" म्हणे, आणि ती जिवंत होती तोवर हे म्हणताना त्याला एकदाही तिच्या डोळ्यांना डोळा देता आला नाही.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: आपल्याला न पेलणारं बळ आपण मिरवायला घेतलं, की त्याचा भार आपल्या सगळ्यांत दुबळ्या माणसावर पडतो.