न जन्मलेल्या बाईंचा मोतीबिंदू

निवृत्त मुख्याध्यापिका सुलोचनाबाई खरोटे मोतीबिंदू काढायला नेत्र रुग्णालयात आल्या, तर संगणक त्यांना दाखलच करून घेईना. जन्मसालाला दोनच आकड्यांची जागा होती. बाईंनी चौतीस सांगितलं, यंत्राने २०३४ धरलं आणि कळवलं, ही व्यक्ती अजून जन्मलेली नाही.

प्रोग्राम सांभाळणारा निहाल घामाघूम झाला. व्यवस्थापक गुर्जरसाहेब मात्र ठाम होते. "चौतीस म्हणजे मागचं की पुढचं, हे यंत्राला कळणार कसं? नवा प्रोग्राम आला की या."

"तोवर मला दिसायचं बंद होईल," बाई म्हणाल्या. "आणि साहेब, पुढच्या चौतीस साली जन्मणारी बाई आज तुमच्या दारात कशी येईल? इथे येणारा प्रत्येक जण आधी जन्मून येतो, एवढंच यंत्राला सांगा."

साहेबांनी निहालला खूण केली. निहालने तेवढीच अट प्रोग्राममध्ये घातली: जन्मसाल पुढचं निघालं, तर शंभर वर्षं मागे जा. बाईंना लगेच खाट मिळाली.

पट्टी सुटली त्या दिवशी निहाल त्यांच्या पाया पडला. "बाई, मला सुचलं नाही ते तुम्ही शिकवलंत."

बाईंनी त्याचा चेहरा नीट पाहून घेतला. "आभार मी मानायचे, बाळा. नव्वदीत मला जन्माला घातलंस तू."