फळीचे दुसरे टोक

डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात एकच सुतार होता. गावात ख्रिस्ती लोकांची वस्ती होती. कुणी वारले की शवपेटी करायचे काम त्याच्याकडेच यायचे. तो फळी कापायचा आणि त्याची बायको सलोमी फळीचे दुसरे टोक धरायची. तीस वर्षे असेच चालले होते. पेटी करताना दोघे एकमेकांशी बोलत नसत. तशी त्यांची रीतच होती.

त्याच गावात एक पाळक होता. तो दूरच्या शहरात पुष्कळ वर्षे शिकला होता आणि त्याला दोन जुन्या भाषा येत होत्या. माणूस भला होता, पण भित्रा. दुःखात असलेल्या माणसासमोर आपण काहीतरी चुकीचे बोलून बसू, अशी त्याला सतत धास्ती असे. म्हणून तो सगळे आधी लिहून काढायचा, खोडायचा, पुन्हा लिहायचा.

गावाचा एक जुना नियम होता. मरण झालेल्या घरात पहिले पाऊल पाळकाचे पडायला हवे. त्याने आत जाऊन प्रार्थना केली की मगच इतरांनी कुंपणाच्या आत यायचे. हा नियम कुणी आणि का केला हे कुणाला ठाऊक नव्हते, पण तो मोडायचे धाडसही कुणात नव्हते.

एका उन्हाळ्यात गावात तापाची साथ आली. सुताराने एकामागून एक अकरा पेट्या केल्या. बारावी सलोमीची होती. ती पहाटे गेली.

उकाडा भयंकर होता. दिवस मावळायच्या आत माती द्यायलाच हवी होती. सुताराच्या घरात लांब फळ्या दोनच उरल्या होत्या, जेमतेम एका पेटीपुरत्या. त्याने सलोमीला स्वच्छ चादरीखाली झाकले आणि फळी दोन ओंडक्यांवर ठेवली. माप घ्यायची त्याला गरज नव्हती. मग त्याने करवत उचलली, फळीच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिले आणि करवत खाली ठेवली. तो चालत पाळकाच्या घरी गेला.

पाळक मेजावर कागद पसरून बसला होता.

"पाळकसाहेब, जरा येता का?"

"मिस्त्री, तुमच्यासाठीच लिहितोय. सलोमीबाईंसाठी साधंसुधं बोलून कसं चालेल?"

"फळी धरायला कुणी नाही. तुम्ही आल्याशिवाय बाकीचे आत यायचे नाहीत."

पाळकाने लेखणी पुन्हा उचलली. तिथे जायचे, त्या चादरीजवळ उभे राहायचे, आणि बोलायचे काय? "थोडंच उरलंय," तो म्हणाला. "तुम्ही व्हा पुढे. मी आलोच."

"बोलू नका हो काही. नुसतं टोक धरा."

"पण तिच्याबद्दल चांगलं बोलायला नको का?"

सुतार दाराकडे वळला. "हवं ना," तो म्हणाला आणि निघून गेला. पाळकाला सुटल्यासारखे वाटले. त्या सुटकेची त्याला लाजही वाटली. मग त्याने कागद पुढे ओढला.

सुताराच्या कुंपणाबाहेर गाव गोळा झाले होते. कुणाच्या हातात भाकरीची टोपली होती, कुणाच्या हातात फुले. आतून करवतीचा आवाज येत होता.

"एकट्यानं कापतोय गं तो," एक म्हातारी म्हणाली.

"मग जा की तू आत," शेजारीण म्हणाली.

"मी कशी जाऊ? पाळकांचं पाऊल कुठं पडलंय अजून?"

"इतका वेळ? मोशेसारखे चाळीस दिवस डोंगरावर चढून बसलेत की काय?"

"हळू बोल. ऐकू जाईल मिस्त्रीला."

करवत थांबली. दगड एकावर एक ठेवल्याचा आवाज आला. सुतार फळीच्या लोंबणाऱ्या टोकाला दगडांचा आधार देत होता. करवत पुन्हा सुरू झाली. मग दगड घसरले आणि काडकन मोठा आवाज झाला. टोक आपल्याच वजनाने खाली गेले होते आणि जाताना फळीला हातभर उभी चीर पाडून गेले होते.

कुंपणाबाहेरचे लोक फाटकापाशी सरकले. एकाने फाटकाला हात लावला. मग त्याने रस्त्याकडे पाहिले, पाळक दिसतो का ते, आणि हात मागे घेतला.

बऱ्याच वेळाने पाळक आला. त्याने उंबऱ्यावर प्रार्थना केली. प्रार्थना सुंदर होती. मग बायका आत गेल्या आणि त्यांनी सलोमीला पेटीत ठेवले. ठेवताना त्या थबकल्या, त्यांनी एकमेकींकडे पाहिले आणि मग करावे लागले ते केले. पाळकाची त्यांच्याकडे पाठ होती. तो कागद क्रमाने लावत होता.

कबरेपाशी त्याने आयुष्यातला सर्वांत चांगला उपदेश केला. प्रभू नासरेथात सुताराच्याच घरात वाढला, तेव्हा सुताराचे दुःख त्याच्याइतके कोण जाणेल, असे तो म्हणाला. लोक रडले. सुतार मान खाली घालून ऐकत राहिला.

सगळे पांगल्यावर पाळक त्याच्याजवळ गेला. "मिस्त्री, थोडं तरी समाधान वाटलं का?"

"चांगलं बोललात," सुतार म्हणाला. "तिला आवडलं असतं." मग काम बिघडल्याची कबुली द्यावी तशा आवाजात तो म्हणाला, "पेटी आखूड झाली. फळी चिरली, म्हणून अलीकडून कापावी लागली. जादा फळी नव्हती. तिचे पाय दुमडून ठेवलेत."

पाळकाने हातातल्या कागदांकडे पाहिले. त्याला येणाऱ्या कुठल्याच भाषेत काही सापडेना. त्याला आठवले की प्रभू आपल्या मित्राच्या कबरेपर्यंत चालत गेला होता आणि तिथे रडला होता. मित्राला आपण मरणातून उठवणार हे ठाऊक असूनही आधी रडला होता. यावर पाळकाने कितीदा तरी उपदेश केला होता.

पुढच्या रविवारी त्याने तो जुना नियम मोडीत काढला. "ज्याला आधी पोचता येईल त्याने आधी जावं," तो म्हणाला. गावाने मान्य केले. सलोमीला मात्र त्याचा काही उपयोग नव्हता.

पावसाळा संपता संपता तेराव्या पेटीची वेळ आली. पाळक कागद न घेता, धापा टाकत सुताराच्या अंगणात पोचला आणि फळीचे टोक धरायला पुढे झाला.

"नको, पाळकसाहेब," सुतार म्हणाला. आवाजात राग नव्हता. त्याने बोट दाखवले. फळीच्या टोकाखाली लाकडाचा एक नवा, भक्कम, तीन पायांचा टेकू उभा होता. "आता माणूस लागत नाही."

पाळकाने पुढे केलेले हात मागे घेतले. नंतर तो भुशातच खाली बसला आणि पेटी पुरी होईपर्यंत बसून राहिला. सुताराने त्याला बसा म्हटले नाही, जा असेही म्हटले नाही.

तात्पर्य: शोक करणाऱ्याच्या दारी योग्य शब्द सापडायची वाट पाहत थांबू नये. प्रभू रडणाऱ्यांजवळ आधी गेला. आपण उशिरा पोचलो तर देव आपल्याला क्षमा करील, पण गेलेली ती वेळ त्या माणसाला परत मिळत नाही.