न घेतलेलं नाव

तापीच्या काठी एक गाव होतं आणि त्या गावात हर्षला नावाची एक हुशार मुलगी होती. हुशार म्हणजे अशी, की साधं पडसं झालं तरी शेजारपाजारच्या बायका तिलाच औषध विचारायच्या, आणि तीही बेधडक सांगायची. आपल्याला लोक विचारतात, याचं तिला मनातून फार बरं वाटे. यात वाईट काही नाही. चारचौघांनी विचारावं असं कुणाला वाटत नाही?

आजारी माणसांना बरं करण्याचंच काम करायचं, एवढं तिचं ठरलेलं होतं. पण त्यात नेमकं काय व्हायचं, ते काही ठरेना. बारावी झाली, निकाल अजून लांब होता. वडील म्हणाले, "घरात बसून कळायचं नाही, पोरी. चार ठिकाणी जा, डोळ्यांनी बघ, मग ठरव."

मग ती तालुक्याला गेली. औषधाच्या दुकानात राहून पाहिलं, तिथे दिवसभर उभं राहून पाय दुखले. रक्त तपासतात त्या लॅबमध्ये गेली, तिथे रोग्याचं तोंडसुद्धा दिसेना. लकवा झालेल्यांकडून व्यायाम करून घेतात तिथे गेली, तर एक आजोबा तिच्यावरच खेकसले. शेवटी फिरून फिरून भोपळे चौकात, तशी ती आपल्याच गावच्या सरकारी दवाखान्यात येऊन बसली.

तिथल्या डॉक्टर वसावे बाई बोलायला कमी आणि कामाला वाघ होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी हर्षलाला समोर बसवलं. "तू पुढे काय होशील मला माहीत नाही. डॉक्टर हो, नर्स हो, नाहीतर औषधं दे. पण यातलं काहीही झालीस तरी एक गोष्ट पहिल्या दिवसापासून लागते. इथे जे दिसेल ते इथेच ठेवायचं. जमेल?"

"हो मॅडम, त्यात काय," हर्षला म्हणाली.

माणूस 'त्यात काय' म्हणतो ना, तेव्हा समजावं की त्याने नीट ऐकलेलं नाही.

दवाखान्याला मागच्या बाजूने एक दार होतं. दुपारी गर्दी ओसरली की त्या दाराने एक बाई यायची, पदर नाकापर्यंत ओढून. डॉक्टरांसमोर गोळ्या गिळायची आणि आल्या वाटेने निघून जायची. हर्षलाने तिला पहिल्यांदा पाहिलं आणि तिला धक्काच बसला. त्या कोकिळाबाई होत्या.

आता कोकिळाबाई कोण, ते सांगायला हवं. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, आणि घरोघर आमरसाबरोबर मांडे होतात. मांडा म्हणजे पुरणपोळीच, पण परातीएवढी मोठी आणि जुन्या लुगड्यासारखी पातळ. तिला पोळपाट चालत नाही. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झेलत झेलत मोठा करायचा आणि चुलीवर उपड्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकायचा. जरा हात चुकला की फाटला. त्या गावात हे काम एकट्या कोकिळाबाईंना जमायचं. लग्न असो की आखाजी, बोलावणं त्यांनाच. नवरा कधीचा गेलेला, मूलबाळ नाही, हातावर पोट. आणि त्यांना झाला होता टीबी.

गावाला कळलं तर आपल्या हातचं कोण खाणार, या भीतीने त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पण बाई प्रामाणिक. आजाराचा जोर होता तोवर भावाकडे जाते म्हणाल्या, पण दार लावून घरातच राहिल्या आणि एकाही घरी कामाला गेल्या नाहीत. औषध मात्र एक दिवस चुकवलं नाही.

हर्षलाला पाहून त्या दारातच थबकल्या. डॉक्टर म्हणाल्या, "या, ती आपलीच आहे." तेव्हा कुठे आत आल्या. गोळ्या घेऊन झाल्यावर हर्षलाने पाण्याचा पेला परत घेतला, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "पोरी, माझा हात चालतो म्हणून माझी चूल पेटते. एवढं पोटात ठेव."

"ठेवीन, मावशी," हर्षला म्हणाली. आणि खरं सांगायचं तर तेव्हा ते तिने मनापासूनच म्हटलं होतं.

दिवस जात राहिले. कोकिळाबाईंचा खोकला गेला, अंगावर थोडं मांस आलं. एके दुपारी डॉक्टरांनी हर्षलाला समजावून सांगितलं. "हिचा थुंकीचा रिपोर्ट आता चांगला आला आहे. हिच्यापासून कुणाला लागण व्हायची भीती नाही. आणि अन्नातून तर हा आजार जातच नाही, तो हवेतून जातो. हिने आता खुशाल कामाला लागावं. फक्त गोळ्या पुऱ्या करायला हव्यात. मध्येच सोडल्या तर आजार उलटतो, आणि उलटलेला आजार या गोळ्यांना दाद देत नाही." हर्षलाने ते सगळं लक्षात ठेवलं. पाठांतर तिचं चांगलंच होतं.

आखाजी तोंडावर आली. गावात लेकी आल्या, झोके बांधले गेले, अंगणं भरली. संध्याकाळी हर्षला झोक्यावर बसली होती आणि भोवती बायका गव्हाची परात घेऊन निवडत होत्या. त्यात तिची चुलतवहिनी शैला होती. शैलावहिनी मनाने वाईट नव्हती, पण कुणाची फिरकी घेतल्याशिवाय तिचा घास खाली उतरत नसे.

"काय डॉक्टरीणबाई," ती म्हणाली, "आज किती माणसं बरी केलीत?"

हर्षला नुसती हसली.

"अहो, कसली बरी करते?" वहिनी बाकीच्यांना म्हणाली. "बाकावर बसते आणि पंख्याचा वारा खाते. झाडू तरी मारू देतात का गं तुला तिथे?"

सगळ्या जणी खो खो हसल्या. माहेरी आलेल्या लेकीही हसल्या, ज्या हर्षलाला लहानपणापासून हुशार हुशार म्हणत आल्या होत्या. तिला मिरच्या झोंबल्या. काहीतरी बोलून यांची तोंडं बंद करावीत असं तिला झालं. आणि ती बोलून गेली, "मला तिथे काय काय कळतं ते सांगितलं ना वहिनी, तर यंदा आखाजीचे मांडे तुमच्या घशाखाली उतरणार नाहीत."

हसणं थांबलं. गहू निवडणारे हात थांबले. सगळ्या जणी तिच्याकडे बघू लागल्या, आणि तिला ते आवडलं. हो, आवडलं. खोटं कशाला बोला?

"म्हणजे काय गं?" शैलावहिनीने आवाज खाली आणून विचारलं. "कोकिळाला काही झालंय का?"

अजूनही वेळ गेलेली नव्हती. 'तुम्हाला गप्प करायला बोलले वहिनी, कोकिळामावशीच्या हातचे मांडे मी तर पोटभर खाणार आहे,' एवढं म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच विरली असती. पण मग आपलं वजन गेलं असतं ना. हर्षलाने मान उडवली आणि म्हणाली, "मी कुणाचं नाव घेतलेलं नाही. मला सांगता येत नाही."

नाव घेतलं नाही, म्हणजे शब्द पाळला, अशी तिने स्वतःची समजूत घातली आणि ती रात्री शांत झोपलीसुद्धा. गोष्ट मात्र झोपली नाही. ती अंगणातून विहिरीवर गेली, विहिरीवरून पिठाच्या गिरणीत गेली, आणि गिरणीत गेलेली गोष्ट गावात जायला कितीसा वेळ लागतो? जी ती दुसरीला सांगताना म्हणत होती, "तू मात्र कुणाला सांगू नकोस हं."

इकडे कोकिळाबाईंनी गहू ओलवून, वाळवून दळून आणले होते. पीठ वस्त्रगाळ केलं होतं. खापर घासून पुसून ठेवलं होतं. दर वर्षी आखाजीआधी बोलावणी करणाऱ्यांची रीघ लागायची. यंदा कुणी येईना. एकीने निरोप पाठवला, यंदा आम्ही घरीच साध्या पोळ्या करतो. दुसरीने तेच सांगितलं. तिसरीने तर निरोपही पाठवला नाही. शेवटी आखाजीच्या आदल्या दिवशी त्या स्वतःच हर्षलाच्या घरी आल्या आणि ओट्यापाशी उभ्या राहिल्या.

"ताई, उद्या खापर कधी आणू?"

हर्षलाची आई पदराशी चाळा करत म्हणाली, "यंदा राहू दे, कोकिळाबाई. यंदा साध्याच पोळ्या करायचं म्हणतोय."

हर्षला आतल्या दाराशी होती. आईला तिने एवढंच म्हणायचं होतं, 'आई, बोलाव गं त्यांना. मी खाईन.' कुणाचं गुपित फुटलं नसतं, कुठला नियम मोडला नसता. पण त्या दिवशी बायकांसमोर इतकं मिरवल्यावर आज हे कसं म्हणावं, याची तिला लाज वाटली. कोकिळाबाईंची आणि तिची नजरानजर झाली. त्यांना कळायचं ते कळलं आणि त्या पाठ फिरवून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी आखाजी झाली. त्यानंतर मागच्या दाराने कोकिळाबाई आल्या नाहीत. डॉक्टर वाट बघून त्यांच्या घरी गेल्या. बाईंनी दार अर्धंच उघडलं. "डॉक्टर, तुम्ही देवमाणूस. पण गोष्ट तुमच्याच दवाखान्यातून बाहेर पडली. त्या दाराशी मी आता यायची नाही, आणि तिथल्या गोळ्याही नकोत. घरी दिल्या तरी नकोत."

डॉक्टर परत आल्या तेव्हा हर्षला बाकावर बसून होती. तिने सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "पण मॅडम, मी नाव घेतलं नव्हतं."

डॉक्टरांनी कोकिळाबाईंच्या गोळ्यांचं पाकीट टेबलावर ठेवलं. "गावात मांडे करणाऱ्या किती जणी आहेत, हर्षला?"

"एकच," हर्षला म्हणाली. तेव्हा तिला पहिल्यांदा रडू आलं.

ती गोळ्यांचं पाकीट घेऊन धावत कोकिळाबाईंकडे गेली. बाई भावाकडे गुजरातेत निघाल्या होत्या, या वेळी खरोखरच. गाठोडं बांधून झालं होतं. हर्षलाने त्यांचे पाय धरले. "मावशी, माझं चुकलं. मला मारा, पण गोळ्या सोडू नका."

कोकिळाबाईंनी तिला उठवलं. "तू वाईट नाहीस, पोरी. अजून कच्ची आहेस. पण तुझ्या हातून औषध घ्यायला आता माझं मन होत नाही." त्यांनी पाकीट तिच्याच ओंजळीत परत ठेवलं, गाठोडं उचललं आणि एसटीच्या थांब्याकडे चालू लागल्या. हर्षला मागे मागे जाऊन विनवत राहिली. बस आली आणि बाई गेल्या.

डॉक्टरांनी तिकडच्या दवाखान्याला कळवलं, भावाला निरोपावर निरोप धाडले. कोकिळाबाई तिकडे मजुरीवर गेल्या होत्या, आज या शेतावर तर उद्या त्या. हाती लागल्या नाहीत.

निकाल लागला. हर्षलाला चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळाला, घरात पेढे वाटले गेले. तिने एक पेढा हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

दिवाळीला ती सुट्टीवर आली, तेव्हाच गुजरातेतून बातमी आली. आजार उलटला होता. भावाने शेवटी मोठ्या दवाखान्यात नेलं, पण फार उशीर झाला होता. कोकिळाबाई गेल्या.

त्याच अंगणात त्याच बायका जमल्या. कुणी डोळ्याला पदर लावला. कुणी म्हणालं, बिचारीच्या हातच्यासारखा मांडा पुन्हा व्हायचा नाही. कुणी म्हणालं, पण त्या आजारात तिच्या हातचं खाणार तरी कसं, आपलीही मुलंबाळं आहेत. ते ऐकून हर्षलाला राहवलं नाही.

"अन्नातून तो आजार जात नाही," ती म्हणाली. "आणि आखाजीच्या वेळी तर त्यांच्यापासून कुणालाच धोका नव्हता. डॉक्टरांनी मला स्वतः सांगितलं होतं."

शैलावहिनी हर्षलाकडे वळली. आज तिच्या तोंडावर थट्टा नव्हती.

"आम्ही अडाणी, आम्ही घाबरलो," ती म्हणाली. "तुला तर माहीत होतं. मग तू का नाही गं खाल्लेस तिच्या हातचे?"

पुढे हर्षला शिकली, डॉक्टर झाली, लोक तिच्या मितभाषीपणाचं कौतुक करू लागले. पण या प्रश्नाचं उत्तर तिला कधीच देता आलं नाही, कारण जिला ते द्यायचं ती बाई गेलेली होती.

तात्पर्य: आजारी माणसाचं गुपित त्याचं नाव न घेताही फुटतं, आणि ते फुटल्यावर गप्प बसणं म्हणजे ते राखणं नव्हे. ज्याला लोकांची दुखणी हाताळायची आहेत, त्याने विद्येच्या आधी स्वतःचा मोठेपणा गिळायला शिकावं.